चीनच्या डोंगरांत सोलापूरचा वैद्य

जव्हार गावानजीक शिरपामाळ या नावाचा एक माळ आहे. इ. स. १६६४ साली सुरतेच्या स्वारीस जाते समयी शिवाजी महाराजांचा तेथे मुक्काम झाला, व जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचा आदरसत्कार करून त्यांस मानाचा शिरपेच अर्पण केला, त्यावरून माळास हे नाव पडले, असे तिकडील लोक परंपरेने सांगत आले आहेत. त्या माळावरून दृष्टी टाकिली म्हणजे डोंगरामागे डोंगर व दरीपलीकडे दरी दिसते, आणि त्या दऱ्यांच्या कुशीत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी व महादेव कोळी लोकांचे पाडे विखुरलेले आहेत. जव्हार व मोखाडा या गावांस सडका आहेत, इस्पितळे आहेत, आणि २०१४ सालापासून सरकारने १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही सुरू केली आहे. परंतु गाडी सडकेवर थांबते आणि दुखणेकरी पाड्यावर असतो. मधली वाट डोंगराची, आणि पावसाळ्यात ओढ्यांची. अशा वेळी एका बांबूस घोंगडी अथवा चादर बांधून तिची डोली करितात, तीत वेणा लागलेल्या स्त्रीस किंवा सर्पदंश झालेल्या गड्यास निजवितात, आणि चौघे जण पाळीपाळीने खांदा देत सडक गाठतात. कधी वेळेवर गाठतात, कधी गाठता गाठता उशीर होतो.

गावोगाव हिंडणाऱ्या आपल्या उपदेशक बांधवांस ही डोली कशी असते हे सांगावयास नको. त्यांपैकी कित्येकांचे खांदे तिने सोलले आहेत. दुखणेकरी जेथे पडला ते ठिकाण आणि वैद्याचा हात यांच्यामध्ये जे अंतर असते, त्या अंतरातच पुष्कळ माणसे दगावतात. दुखणे असाध्य म्हणून ती जातात असे नव्हे. वाटेत रक्त वाहून जाते, मोडलेले हाड हिसके बसून मांसात शिरते, जखम सडते. हे अंतर कमी करण्याच्या कामी ज्यांनी आपले प्राण वेचले, अशा एका महाराष्ट्रीय वैद्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे काम जव्हारात झाले नाही. ते हजारो कोसांवर उत्तर चीनच्या डोंगरांत झाले. तथापि तेथली चढण, तेथली उपासमार व तेथली डोली ही येथल्या वाचकांस परकी वाटणार नाहीत.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. घर मध्यम स्थितीतले. दोन भाऊ व पाच बहिणी असा मोठा परिवार. सोलापूर म्हणजे गिरण्यांचे व मागांचे शहर, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक आहेच. द्वारकानाथ ऐन तारुण्यात असता, १९३० सालच्या मे महिन्यात, त्या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि पुढल्या जानेवारीत तेथील चौघा इसमांस फाशी झाली. अशा गावात वाढलेल्या मुलास देशाच्या गोष्टी परक्या राहत नाहीत. पुढे ते मुंबईस परळ येथील शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले व डॉक्टर झाले. त्यापुढील उच्च परीक्षेची तयारी चालू होती. घरच्यांची अपेक्षा काय असेल हे सांगावयास नकोच. मुलगा डॉक्टर झाला, आता तो शहरात दवाखाना घालील, बहिणींची लग्ने होतील, वडिलांचा भार हलका होईल.

इतक्यात १९३७ सालच्या जुलै महिन्यात जपानाने चीनवर मोठी चढाई केली. शहरे पडू लागली, लक्षावधी लोक घरेदारे टाकून पळाले, आणि जखमींची शुश्रूषा करावयास चीनमध्ये वैद्यच पुरेनात. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांस पत्र पाठवून मदत मागितली. त्या वेळी राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी ३० जून १९३८ रोजी लोकांस आवाहन केले, जुलैच्या ७ ते ९ या तारखांस देशभर चीन दिन पाळून वर्गणी जमविण्यात आली, आणि २२,००० रुपये गोळा झाले. त्या पैशातून औषधे, एक रुग्णवाहिका व स्वखुशीने जाणाऱ्या डॉक्टरांचे एक पथक पाठविण्याचे ठरले. आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या वर्गणीचे मोल कळते. ज्याच्या घरी धान्य भरपूर त्याने पायली दिली तर नवल नाही. येथे तर ज्याचे कणगे रिकामे त्याने शेजाऱ्यास मापटे भरून दिले.

पथकात पाच जण होते. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे प्रमुख. ते पूर्वी स्पेन देशातील युद्धात शुश्रूषेचे काम करून आले होते. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुकर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. कोटणीसांचे वय तेव्हा अठ्ठावीसही पुरे नव्हते. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून राजपुताना नावाच्या आगबोटीने ते निघाले व १७ सप्टेंबरास कँटन बंदरी उतरले. चिनी प्रजासत्ताकाचे जनक डॉ. सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग यांनी तेथे त्यांचे स्वागत केले. पुढे ते हँकौ शहरी गेले. पण हे पथक जसजसे आत सरकत होते तसतशी त्याच्या पाठीमागची शहरे पडत होती. ऑक्टोबर महिन्यात कँटनही गेले व हँकौही गेले. पथक यांगत्से नदीच्या वरच्या अंगास चुंगकिंग येथे जाऊन पोहोचले.

चुंगकिंग येथून उत्तरेकडे निघण्याच्या बेतात असता कोटणीसांस घरून बातमी आली की वडील वारले. वाचकहो, या ठिकाणी थोडे थांबावे असे वाटते. पुष्कळ चरित्रलेखक अशा प्रसंगावरून एका वाक्यात पुढे जातात, जणू काय मोठ्या माणसांस बाप नसतोच. आपल्या देशात बाप वारल्यावर मुलाने घरी न येणे म्हणजे काय, हे ज्यास माहीत आहे त्यास त्या रात्रीची कल्पना करिता येईल. परत फिरावयास त्यांस कोणीही दोष दिला नसता. पथकात आणखी चार डॉक्टर होते, आणि घरी आई व भावंडे होती. कोटणीस परतले नाहीत. त्यांनी हे बरे केले की वाईट, याचा निवाडा वाचकांनी आपापल्या मनाशी करावा. आम्हांस इतकेच दिसते की हा निर्णय सोपा नव्हता आणि त्याची किंमत सोलापूरच्या घरानेही भरली.

चीनमध्ये असता पाचही डॉक्टरांस चिनी नावे मिळाली, व प्रत्येक नावाच्या शेवटी हुआ हे अक्षर होते. त्या अक्षराचा अर्थ चीन असा होतो. कोटणीस यांचे नाव के दीहुआ असे पडले, आणि तिकडे आजवर ते त्याच नावाने ओळखले जातात.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनान येथे पोहोचले. तो मुलूख पिवळ्या मातीच्या टेकड्यांचा. विमानांच्या बाँबमाऱ्यामुळे गावात इमारती उभ्या ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून लोक टेकडीच्या कड्यात गुहा खणून त्यांत राहत, आणि इस्पितळही तशाच गुहांत होते. एका गुहेत खाटा, दुसरीत औषधे, तिसरीत शस्त्रक्रिया. मुंबईच्या भव्य इस्पितळात शिकलेल्या तरुणाने हे पाहून नाक मुरडले असते तरी नवल नव्हते. कोटणीसांनी चिनी भाषा शिकावयास आरंभ केला. भाषेचा हा उद्योग लहानसा दिसतो, पण पुढील सर्व कामाचे मूळ यातच आहे असे आमचे मत आहे. दुभाष्याच्या तोंडून वैद्याला रोग्याचे दुखणे कळते, पण त्याची भीती कळत नाही. आणि ज्याची भाषा येत नाही त्यास शिकविता तर मुळीच येत नाही. कोटणीस थोड्याच काळात चिनी बोलू लागले, पुढे लिहू-वाचू लागले, आणि शेवटी त्या भाषेत व्याख्याने देऊ लागले.

वर्षअखेरीपर्यंत चोळकर व मुकर्जी स्वदेशी परतले. उरलेले तिघे १९३९ सालच्या नोव्हेंबरात येनान सोडून लढाईच्या मुलखाकडे निघाले. प्रवास घोड्यावर व पायी, थंडी हाडे फोडणारी, आणि मध्ये जपान्यांच्या ताब्यातले आगगाडीचे रस्ते, ते रात्री काळोखात निःशब्दपणे ओलांडावे लागत. डॉ. अटल प्रकृती बिघडल्यामुळे १९४० सालच्या आरंभी परत फिरले. राहिले दोघे, बसू आणि कोटणीस.

ज्या डोंगराळ प्रांतात त्यांस जावयाचे होते, तेथे त्यांच्याआधी डॉ. नॉर्मन बेथ्यून नावाचे एक शस्त्रवैद्य काम करीत होते. त्यांची हकीकत सांगितल्यावाचून कोटणीसांचे काम कळावयाचे नाही. बेथ्यून हे कॅनडा देशचे, जन्म १८९० सालचा, आणि वडील प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. बापाचा धर्मविश्वास मुलाने पुढे चालविला नाही, हे खरे. १९३८ साली ते येनानास आले आणि थेट डोंगरांत गेले. तेथे त्यांस काय दिसले? जखमी शिपाई डोलीत घालून तीन-तीन, चार-चार दिवसांच्या वाटेने इस्पितळाकडे आणीत, आणि ते पोहोचेपर्यंत जखमा सडून जात. ताजी जखम पहिल्या सहा-आठ तासांत स्वच्छ केली तर बहुधा भरून येते. त्यापुढे विष अंगात भिनू लागते, आणि पेनिसिलिन तर त्या काळी त्या डोंगरांत कोणी पाहिलेही नव्हते. म्हणून बेथ्यून यांनी उलटा क्रम धरिला. जखमींनी वैद्याकडे यावयाचे नाही, वैद्याने जखमींकडे जावयाचे. शस्त्रक्रियेचे सारे साहित्य खेचरांच्या पाठीवर लादता येईल अशा पेट्या त्यांनी बनविल्या, आणि लढाई चालू असता तिच्या पाठीशी एखाद्या देवळात किंवा शेतकऱ्याच्या घरात ते टेबल मांडू लागले. हातमोजे नसता शस्त्रक्रिया करिताना त्यांचे बोट कापले, विष चढले, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते मरण पावले. म्हणजे कोटणीस त्यांच्या दिशेने वाट चालत होते त्याच महिन्यात. दोघांची भेट झालीच नाही. १९४० सालच्या उन्हाळ्यात कोटणीस त्या प्रांतात पोहोचले तेव्हा बेथ्यून यांची कबर मात्र त्यांस पाहावयास मिळाली.

आता हे डोलीचे काम तिकडे कसे चाले ते थोडे सांगतो, कारण आपल्या गावांस यातून घेण्यासारखे आहे. शिपायांबरोबर काही तरुण असत, त्यांस केवळ प्रथमोपचार शिकविलेला असे. वाहते रक्त दाबून धरणे, जखमेवर उकळलेले कापड बांधणे, मोडलेल्या हातापायास दोन्ही बाजूंनी कामट्या लावून तो हलू न देणे, आणि जखमीस उबेत ठेवणे, एवढीच त्यांची विद्या. त्यानंतर काम गावकऱ्यांचे. दरवाज्याची फळी, खाटेचा सांगाडा, दोन वासे व दोरी, जे मिळेल त्याची डोली करून शेतकरी जखमीस उचलीत. एका गावाने पुढल्या गावापर्यंत न्यावयाचे, तेथे दुसऱ्या गावाचे गडी खांदा बदलावयास तयार. बायका कढत पाणी व पेज देत, रक्ताळलेल्या पट्ट्या धुऊन उकळून पुन्हा वापरण्याजोग्या करीत. औषध कमी, हत्यारे कमी. चिमटे बांबूचे घडवीत, आणि मिठाच्या पाण्याने जखमा धूत. असे असूनही माणसे वाचत होती, कारण मधल्या अंतरात कोणी ना कोणी शिकलेला हात व बळकट खांदा हजर होता.

अशाच कामाची एक जुनी गोष्ट येथे आठवते. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांचे युद्ध झाले, तेव्हा नाताळ प्रांतातील हिंदी लोकांनी मोहनदास गांधी यांच्या पुढाकाराने जखमी वाहणारे पथक उभारिले. सुमारे ११०० माणसे होती, आणि त्यांतील बहुतेक मळ्यांतील गिरमिटिये मजूर होते. त्यांच्या पुढाऱ्यांस प्रथमोपचार शिकविला तो अँग्लिकन मंडळीचे पाळक व वैद्य डॉ. बूथ यांनी. स्पायन कोप येथील घनघोर लढाईच्या दिवसांत ही माणसे डोल्या खांद्यावर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालत. गांधींचे नाव जगास ठाऊक आहे. त्या मजुरांची नावे किती जणांस ठाऊक आहेत? उत्तर चीनच्या शेतकऱ्यांचीही गोष्ट तीच.

१९४० सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या मुलखात निकराची लढाई झाली. कोटणीस आपले टेबल घेऊन तिच्या अगदी पाठीशी गेले. १३ दिवसांत ८०० हून अधिक जखमी त्यांच्यापुढे आले आणि त्यांपैकी पाचशेंहून अधिक जणांवर शस्त्रक्रिया झाली. वाचकांनी हा आकडा नुसता वाचून सोडू नये. तेरा दिवस, दिवसास चाळीसांवर शस्त्रक्रिया, उजेड रॉकेलच्या दिव्याचा किंवा दिवसाचा, आणि तोफांचा आवाज ऐकू येण्याइतक्या जवळ. एका वेळी तर बहात्तर तास त्यांनी डोळ्यास डोळा लाविला नाही असे सांगतात. शहरातल्या मोठ्या इस्पितळात दहा डॉक्टरांनी जे करावे ते एका तरुणाने व त्याच्या अर्धशिक्षित मदतनिसांनी केले. येथे मदतनिसांचा उल्लेख आम्ही मुद्दाम करितो. भूल देणारा, हत्यार उकळणारा, जखमी धरून ठेवणारा, हे सर्व त्याच डोंगरांतले शेतकऱ्यांचे मुलगे होते.

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांस बेथ्यून यांच्या नावे चालविलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे मुख्य नेमण्यात आले. डॉ. बसू येनानास परत गेल्यावर तिकडे ते एकटेच हिंदी राहिले. इस्पितळ हा शब्द ऐकून वाचकांनी दगडी इमारत डोळ्यांपुढे आणू नये. होपै प्रांताच्या तांग परगण्यातील गेगुंग नावाच्या खेड्यात व आसपासच्या वस्त्यांत ते पसरलेले होते. शेतकऱ्याच्या घरात विटांच्या ओट्यावर, ज्याच्या खालून हिवाळ्यात विस्तव घालून ऊब देतात, तेथे रोगी निजलेले. शत्रू त्या बाजूस येत आहे असे कळले की रोग्यांस डोलीत घालून डोंगराच्या घळीत लपवावयाचे, आणि शत्रू गेला की पुन्हा मांडामांड करावयाची. जपानी सैन्याने त्या दोन वर्षांत गावेच्या गावे जाळिली. खाण्यास राळा व काळे द्विदल धान्य, तेही दुष्काळात अपुरे.

इस्पितळास लागूनच वैद्यकीची शाळा होती, आणि आमच्या दृष्टीने कोटणीस यांचे खरे मोठेपण तेथे आहे. शस्त्रक्रिया करणारा हात एक दिवस थांबणारच. म्हणून त्यांनी खेड्यांतल्या पोरांस शिकविले. त्यांपैकी कित्येकांनी लहानपणी शाळेचे तोंडही पुरते पाहिले नव्हते. त्यांच्यासाठी कोटणीसांनी शस्त्रवैद्यकाच्या सामान्य तत्त्वांवर एक पुस्तक चिनी भाषेत लिहिले, आणि त्यानंतर अधिक विस्ताराचे दुसरे हाती घेतले. दिवसा रोगी, दुपारी वर्ग, रात्री दिव्यापाशी लेखन, असा क्रम होता. खेड्यात राहून काम करणाऱ्या शिक्षकांस व उपदेशकांस या दिनचर्येत आपली ओळख पटेल.

याच शाळेत कुओ चिंगलान नावाची तरुणी परिचारिकांस शिकवीत असे. ती तेथे कशी आली ही हकीकत आपल्या मंडळ्यांस ठाऊक असावी अशी आहे. कॅथलीन हॉल नावाच्या न्यूझीलंडच्या एक अँग्लिकन मिशनच्या परिचारिका होपै प्रांतात एका डोंगराळ खेड्यात दवाखाना चालवीत होत्या. बेथ्यून यांनी त्यांस विनंती केली की पेकिंग शहरातून औषधे आणून द्यावी. पेकिंग जपान्यांच्या हाती होते; सापडल्यास काय होईल हे उघड होते. तरी त्या बाईंनी वारंवार ती जोखीम घेतली, आणि औषधांबरोबर शिकलेल्या परिचारिकाही डोंगरांत पोहोचविल्या. त्यांपैकीच ही कुओ चिंगलान. १९३९ साली जपान्यांनी हॉल बाईंचे मिशनघर जाळून टाकिले व त्यांस चीनमधून बाहेर घालविले. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी कोटणीस व चिंगलान यांचा विवाह झाला, आणि २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांस पुत्र झाला. सेनापती नीए रोंगचन यांनी त्याचे नाव यिनहुआ ठेविले. त्यातले एक अक्षर हिंदुस्थानचे व दुसरे चीनचे.

त्याच वर्षी जुलै महिन्यात कोटणीस चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. तो पक्ष देवास मानीत नाही, हे आपले वाचक जाणतात, आणि ही गोष्ट लपवून चरित्र गोड करून सांगणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्यांची मते आपली नव्हेत. पण ज्या डोंगरात एक मिशनची परिचारिका, एका पाळकाचा श्रद्धाहीन मुलगा आणि सोलापूरच्या हिंदू घरातला एक वैद्य एकाच जखमीच्या खाटेभोवती उभे राहिले, तेथे जखमीने त्यांची मते विचारली नाहीत.

कोटणीसांची प्रकृती अतिश्रमाने ढासळत चालली होती. त्यांस अपस्माराचे झटके येऊ लागले. दुसरीकडे जाऊन विश्रांती व उपचार घ्यावे असे वरिष्ठांनी सुचविले. त्यांनी ते मानले नाही, व झटक्यांच्या मधल्या काळात काम चालूच ठेविले. दुसऱ्या रोग्यास त्यांनी असे कधी करू दिले नसते, हे म्हणणे भाग आहे. डिसेंबर महिन्यातल्या एका रात्री ते पुस्तकाचे लेखन करीत बसले असता मोठा झटका आला, आणि एकामागून एक येतच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे त्यांचा अंत झाला. वय बत्तीस वर्षे व दोन महिने. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. दुसरे पुस्तक अर्धे राहिले.

त्यांच्या मृत्यूची बातमी हिंदुस्थानात पोहोचल्यावर लोकांस त्यांची खरी ओळख झाली. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर बोलपट काढिला व त्यात स्वतः कोटणीसांचे काम केले. पुष्कळ लोकांस कोटणीस ठाऊक आहेत ते त्यावरूनच. बोलपट पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की पडद्यावर गाणी आहेत आणि त्या डोंगरात उवा, थंडी व राळ्याची पेज होती. चीन सरकारने १९८२ साली व भारत सरकारने १९९३ साली त्यांच्या नावे टपालाची तिकिटे काढिली. सोलापुरात त्यांच्या जन्मघरी स्मारक झाले आहे. मुलगा यिनहुआ बापाप्रमाणे वैद्यकी शिकत होता, पण शिक्षण पुरे होण्याआधीच १९६७ साली तोही वारला. चिंगलान बाई मात्र दीर्घायुषी झाल्या. त्या पुढे कित्येकदा भारतात येऊन सासरच्या माणसांस भेटून गेल्या, आणि २०१२ साली मरण पावल्या.

कोटणीस यांच्या अस्थी तांग परगण्यातून पुढे शिजियाझुआंग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेण्यात आल्या. बेथ्यून यांची कबरही तेथेच आहे. जिवंतपणी ज्यांची भेट हुकली ते आता शेजारी आहेत. दर वर्षी वसंत ऋतूत, पितरांची आठवण करण्याच्या चिनी सणास, लोक तेथे फुले वाहतात. त्याच शहरात कोटणीसांच्या नावाची एक वैद्यकीय शाळा चालते. तीत खेड्यापाड्यांतली मुले व मुली शिकावयास येतात, आणि दाखल होताना त्यांच्या दगडी पुतळ्यापुढे उभी राहून त्यांच्याप्रमाणे काम करण्याची शपथ घेतात.